पूर्वजांच्या नावाने : नांदेड-लातुरातल्या धर्मप्रचाराची शंभर वर्षं

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत गेल्या शंभर वर्षांत जे धर्मप्रचारक फिरले, त्यांतल्या बहुतेकांनी देवाचा विषय नंतर काढला. आधी पूर्वजांचा काढला. आर्य समाजाच्या उपदेशकांनी सांगितलं, की तुमचे वाडवडील वैदिक धर्माचे होते, मधल्या काळात वाट सुटली. शीख प्रचारक तांड्यांवर गेले तेव्हा त्यांनी लखीशाह वंजाऱ्याचं नाव घेतलं. बौद्ध धम्माच्या प्रचारात नागवंश आला. अलीकडे ‘घरवापसी’ म्हणणाऱ्यांनीही घर कोणाचं, हे पूर्वजांवरूनच ठरवलं. यात नवल काही नाही. अनोळखी माणसाला नावाआधी गाव आणि गावानंतर भावकी विचारणाऱ्या मुलखात श्रद्धेचा रस्ता भावकीतूनच जाणार. पण या शंभर वर्षांचा मागोवा घेताना एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते : पूर्वजांचं नाव सगळ्यांनी घेतलं आणि कुटुंबांचा इतिहास मात्र फारच थोड्यांनी शोधला. ही दोन कामं वेगळी आहेत. पहिल्या कामात प्रचारक माणसाला त्याचा पूर्वज सांगतो. दुसऱ्यात माणूस स्वतःच्या घराची नावं, गावं, लग्नं आणि मृत्यू शोधतो आणि प्रचारक फार तर त्याला मदत करतो. दुसरं काम प्रामाणिकपणे झालं, तर त्यातून पहिल्याला हवं ते उत्तर सहसा निघत नाही, असं माझं म्हणणं आहे. आणि म्हणूनच दुसरं काम अधिक मोलाचं आहे.

पूर्वजांचा प्रश्न इथे इतका सहज रुजला, कारण वंशावळ सांगणं हा या भागात मुळात एक व्यवसाय होता आणि त्याला धर्माचं अस्तर होतं. कर्नाटकाला लागून असलेल्या पट्ट्यात हेळवी फिरत आले. हेळवी बैल घेऊन गावात येतो, यजमानाच्या दारात मूळ पुरुषापासूनची नावं म्हणतो, घरात नव्याने जन्मलेली मुलं चोपडीत चढवतो आणि धान्य, कपडा, पैसे घेऊन पुढच्या गावाला लागतो. हे काम आपल्याला बसवेश्वरांनी लावून दिलं, असं हेळव्यांची परंपरा सांगते. बंजाऱ्यांच्या तांड्यांवर ढाडी हेच काम गाऊन करतात. राठोड, पवार, चव्हाण, जाधव यांच्या गोतांच्या शाखा त्यांना तोंडपाठ असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत मराठवाड्यातली घराणी गावावार लावलेली सापडतात, कारण अस्थी विसर्जनाला गेलेल्या माणसाने तिथे आजोबा-पणजोबांची नावं सांगून सही करायची असते. या तिन्ही परंपरांत एक मोठा दोष आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही. नोंद ठेवणारा यजमानावर जगतो. त्यामुळे ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याची नोंद होत नाही. बायकांची नावं तर अगदीच तुरळक असतात. पण एक गुणही आहे, जो पुढच्या काळात हरवला. हेळवी नावं म्हणून दाखवतो, मोबदला घेतो आणि निघून जातो. त्या नावांच्या बदल्यात तो कोणाची श्रद्धा मागत नाही.

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात निजामाच्या हैदराबाद राज्यात ही जुनी भाषा नव्या कामाला लागली. तेव्हा लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १६ ऑगस्ट १९८२ ला. १९२४ मध्ये सिद्दीक दीनदार यांनी आपण चन्नबसवेश्वरांचा अवतार असल्याचा दावा केला आणि लिंगायतांना इस्लामकडे बोलावणारी दीनदार अंजुमन उभी केली. रक्ताची वंशावळ त्यात नव्हती, पण युक्तिवादाचा घाट तोच होता : तुमच्याच परंपरेतला मोठा पुरुष माझ्या रूपाने परत आला आहे, म्हणजे माझ्यामागे येण्यात तुम्ही घर सोडत नाही. त्याच राज्यात बहादूर यार जंग यांच्या भाषणांतून तबलीगचं, म्हणजे इस्लामच्या प्रचाराचं, काम जोरात होतं. दुसरीकडे आर्य समाज पसरत होता. हैदराबाद राज्यातल्या त्याच्या पहिल्या शाखांपैकी एक मराठवाड्यातच, बीड जिल्ह्यातल्या धारूरला १८८० मध्ये निघाली होती. पुढे उदगीर, निलंगा, औसा हा टापू समाजाचा बालेकिल्ला झाला. उदगीरचे भाई बन्सीलाल आणि भाई श्यामलाल यांचं नाव या भागात आजही आदराने घेतलं जातं. श्यामलाल यांचा १९३८ मध्ये बिदरच्या तुरुंगात मृत्यू झाला, त्याच वर्षी डिसेंबरात बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापूरला आर्य परिषद भरली आणि १९३९ मध्ये सत्याग्रह झाला. हा लढा धर्म पाळण्याच्या नागरी हक्कासाठी होता, आणि त्याचं ते मोल मान्य केल्याशिवाय त्याच्या शुद्धी चळवळीवर बोलणं अन्यायाचं होईल.

तरीही शुद्धीचा युक्तिवाद तपासावाच लागतो. १९२३ मध्ये उत्तरेत मलकाना राजपुतांच्या शुद्धीपासून तो देशभर गाजला होता : ज्यांचे पूर्वज हिंदू होते, त्यांचं परतणं म्हणजे धर्मांतर नव्हे, घरी येणं. हैदराबाद राज्यात हाच युक्तिवाद वापरला गेला आणि समोरच्या बाजूनेही तशाच मापाची उत्तरं आली. दोन्हीकडे पूर्वज एकवचनी झाला. एका अख्ख्या जातीला, कधी अख्ख्या धर्मसमूहाला, एकच आजोबा मिळाला. अमुक गावच्या अमुक घरातला माणूस किती पिढ्यांपूर्वी, कोणत्या दुष्काळात, कोणाच्या आश्रयाने किंवा कोणत्या सासुरवाडीमुळे दुसऱ्या पंथात गेला, याचा शोध कोणी घेतला नाही. घेतला असता तर गोष्ट गुंतागुंतीची झाली असती. दर्ग्यात नवस बोलणारी हिंदू घरं, खंडोबाची तळी उचलणारी मुसलमान घरं हे मराठवाड्याचं नेहमीचं दृश्य आहे; एकाच घराच्या तीन पिढ्यांत तीन गुरू असू शकतात. अशा घराची खरी वंशावळ काढली, तर तिच्यातून कुठल्या एका मंडपाकडे बोट दाखवता येत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पूर्वजांचा विषय काढला तो वेगळ्या रीतीने. अस्पृश्यतेच्या उगमावरचं त्यांचं पुस्तक १९४८ मध्ये आलं. त्यात त्यांनी पराभूत, विखुरलेल्या टोळ्यांची आणि त्यांच्या बौद्ध असण्याची मांडणी केली; ती गृहीतक म्हणून मांडली, पुरावे दिले आणि वाद घालायला जागा ठेवली. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला त्यांनी नागांचा संदर्भ दिला तेव्हाही तो एका मोठ्या युक्तिवादाचा एक धागा होता. आणि त्याच दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध-पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पूर्वजाला त्यांनी प्रतिष्ठा दिली आणि त्याच वेळी जिवंत माणसावरची त्याची पकड सोडवली. तुझा पूर्वज बौद्ध होता म्हणून तू बौद्ध हो, एवढ्यावर ते थांबले असते, तर नांदेड-लातूरच्या वस्त्यांत तो विचार इतका टिकला नसता. इतिहासकारांनी नागवंशाच्या मांडणीवर आक्षेप घेतले, तरी धम्माच्या स्वीकाराला त्याने धक्का लागत नाही. कारण तो स्वीकार समतेच्या युक्तिवादावर उभा होता.

ख्रिस्ती मिशनांची गोष्ट याच्या उलट्या टोकाची आहे आणि ती सहसा लक्षात घेतली जात नाही. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल वसवलं. बिदर भागात मेथडिस्ट मिशनने काम केलं. नवा माणूस म्हणजे नवा जन्म, असं मानणाऱ्या या प्रचाराने पूर्वजांचं नाव फारसं घेतलंच नाही. पण बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाचं नाव, आईचं नाव, बापाचं नाव, गाव आणि तारीख लिहिली जाऊ लागली. हेळव्याने किंवा भाटाने ज्यांच्या दारात कधी पाऊल ठेवलं नाही, अशा महार-मांग कुटुंबांची नावं क्रमाने लिहिणारा कागद अनेकदा हाच होता. आईचं नाव लिहिणारा तर नक्कीच. धर्मप्रचाराने कुटुंबाच्या इतिहासाला दिलेली ही देणगी प्रचाराच्या हेतूने दिलेली नव्हती. कदाचित म्हणूनच ती भरवशाची आहे.

आता नांदेडच्या गाभ्याकडे येऊ. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये इथे आले, इथेच ग्रंथसाहिबाला गुरुगादी दिली गेली आणि इथेच त्यांचं निर्वाण झालं. या गुरुगादीच्या घटनेसाठी शीख इतिहासकार ज्या पुराव्यांचा आधार घेतात, त्यांत एक पुरावा चक्क वंशावळकारांचा आहे. जींद परगण्यातल्या तलौंढा या गावच्या भाटांची वही, म्हणजे यजमान घराण्यांच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी ठेवणाऱ्या आपल्या हेळव्यांच्या उत्तरेतल्या भाऊबंदांची वही, नांदेडच्या त्या प्रसंगाची नोंद करते. ग्यानी गरजासिंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात हरियाणा-पंजाबातल्या भाटांच्या घरी जाऊन, त्यांच्या खास लिपीतल्या या वह्या वाचून नोंदी उतरवून घेतल्या. वह्या पुन्हा पुन्हा नकलल्या गेल्या आहेत, भाषा कुठे कुठे नंतरची वाटते, असे आक्षेप अभ्यासकांनी घेतले. तो वाद अजून मिटलेला नाही. पण पद्धत पाहण्यासारखी आहे. इथे श्रद्धेचा माणूस घराघराच्या नोंदींकडे गेला, आणि त्या नोंदींनी शहीद झालेल्या साध्या शिखांची गावं, बापांची नावं, जाती उजेडात आणल्या. गुरूंच्या भोवतीची गर्दी नावानिशी दिसू लागली.

त्या गर्दीत बंजारे होते. गुरू तेगबहादूर यांना १६६४ मध्ये बकाला इथे ओळखणारा मक्खनशाह लबाणा व्यापारी होता. १६७५ मध्ये दिल्लीत गुरूंचं शिर उतरवल्यावर धड उचलून रायसीना गावातल्या आपल्या घरात ठेवणारा आणि घरासकट त्याला अग्नी देणारा लखीशाह वंजारा होता. आजचा रकाबगंज गुरुद्वारा त्याच जागी आहे. भाटांच्या वह्यांत लखीशाहचं कूळ यदुवंशी, बडतिया असं दिलेलं आहे, आणि नांदेड-लातूरच्या तांड्यांवर जे जाधव आहेत, त्यांचं गोत वडतिया. नांदेडच्या नगीना घाटाच्या आख्यायिकेतही गुरूंना मौल्यवान खडा भेट देणारा बंजाराच आहे. किनवट, माहूर, मुखेड, कंधारच्या तांड्यांवर जाणाऱ्या शीख प्रचारकाला यापेक्षा बळकट साधन कुठलं मिळणार? तुम्ही गुरुघरचे जुने सेवक आहात, असं तो सांगतो तेव्हा ते निव्वळ गोड बोलणं नसतं. त्यामागे आठवणीचा आणि कागदाचा काही आधार असतो. २०२५ मध्ये गुरू तेगबहादूर यांच्या बलिदानाला साडेतीनशे वर्षं झाली, तेव्हा हा आधार पुन्हा उजळून निघाला.

पण इथेच जरा थांबून पाहायला हवं. वडतिया गोताचं साम्य हा शोधाचा आरंभ आहे. त्याला शेवट मानलं की शोध संपतो आणि घोषणा उरते. लाखा बंजारा या नावाची कथा मध्य प्रदेशातल्या सागरच्या तलावाशीही जोडलेली आहे; एक नाव अनेक प्रांतांत अनेक नायकांना मिळालं आहे. दिल्लीतल्या कुटुंबापासून मुखेडच्या एखाद्या तांड्यापर्यंतची साखळी जोडायची, तर मधल्या साडेतीनशे वर्षांतल्या बारा-चौदा पिढ्या लागतील, आणि त्या ढाडीच्या गाण्यात किती उतरल्या आहेत, हे कोणी बसून लिहून घ्यायला हवं. याच बंजारा समाजाला दुसरीकडून दुसरी वंशकथा सांगितली जाते. २५ ते ३० जानेवारी २०२३ या दिवसांत जळगाव जिल्ह्यातल्या जामनेर तालुक्यात गोद्री इथे गोर बंजारा आणि लबाणा-नायकडा समाजाचा कुंभ भरला. धर्मांतराला विरोध हा त्याचा उघड हेतू होता, आणि तिथेही पूर्वजांची साक्ष काढली गेली. तांड्याची स्वतःची श्रद्धा संत सेवालाल महाराजांभोवती आणि पोहरादेवीभोवती फिरते. ५ ऑक्टोबर २०२४ ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. म्हणजे एका समाजावर तीन वंशकथा दावा सांगतात. तिघांपैकी कोणीही एखाद्या तांड्याला त्याची स्वतःची लिहिलेली वंशावळ हातात ठेवून गेला, असं चित्र निदान ठळकपणे तरी दिसत नाही.

या दाव्यांना आज आणखी एक वजन आलं आहे, ते सीमेमुळे. एकाच गोताचे भाऊबंद महाराष्ट्रात विमुक्त जातींत मोडतात, तेलंगणात अनुसूचित जमातीत आणि कर्नाटकात अनुसूचित जातीत. देगलूर, किनवट, उदगीरच्या तांड्यांची सोयरीक या तिन्ही राज्यांत पसरलेली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. जमातीच्या दर्जाला धर्माची अट नाही. त्यामुळे एका पणजोबाची दोन पणतवंडं ख्रिस्ती झाली, तर बिदरकडचा दर्जा गमावतो आणि निजामाबादकडचा राखतो. धर्मप्रचारकाने पूर्वजांची गोष्ट सांगताना या वास्तवाकडे पाठ फिरवली, तर तो माणसाला अर्धीच गोष्ट सांगतो. कुटुंबाच्या इतिहासात तालुका आणि सीमा येते. जातीच्या वंशकथेत ती कधी येत नाही.

खरा कुटुंब-इतिहास काय करतो, हे पाहायचं तर नांदेडच्या हजुरी शिखांकडे पाहावं. यांतली पुष्कळ घराणी महाराजा रणजितसिंगांच्या काळात, १८३० च्या दशकात, निजामाच्या मदतीला आलेल्या लाहोरी फौजेच्या सैनिकांपासून आपला वंश सांगतात. त्याच दशकात नांदेडच्या सचखंड साहिब गुरुद्वाऱ्याची आजची वास्तू उभी राहिली. सैनिक इथेच राहिले, इथल्या बायकांशी त्यांचे संसार झाले, मुलांची बोली दख्खनी झाली, बाजारात मराठी आली. पंजाबातून येणाऱ्या प्रचारकांना या शिखांच्या काही चालीरीती खटकत आल्या आहेत. शस्त्रपूजन, चंदनाचा टिळा, दसऱ्याचा हल्लाबोल या हजुरी मर्यादेतल्या गोष्टींवर वाद झाले आहेत. ज्या घराला आपली वंशावळ माहीत आहे, ते घर या वादात बावरत नाही. आपल्या घरात पंजाब किती आणि दख्खन किती, हे त्याला ठाऊक असतं, आणि दोन्ही मिळून आपण शीख आहोत, हेही ठाऊक असतं. शुद्ध मूळ शोधायला निघालेल्या प्रचाराला हे उत्तर अडचणीचं आहे. श्रद्धेला मात्र ते अजिबात अडचणीचं नाही.

जगात कुटुंब-इतिहासाचं साधन धर्मकार्यात सर्वांत पद्धतशीरपणे वापरलं ते मॉर्मन चर्चने, म्हणजे अमेरिकेतल्या युटा राज्यात मुख्य ठाणं असलेल्या लॅटर-डे सेंट्स चर्चने. त्यांचा महाराष्ट्राशी संबंध जुना आहे : ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्याच्या लष्करी वस्तीत त्याने लहानशी शाखा काढली, ती टिकली नाही. १८९४ मध्ये चर्चने वंशावळींची संस्था स्थापन केली, १९३८ पासून सूक्ष्मपटांवर नोंदी उतरवायला सुरुवात केली, आणि सॉल्ट लेक सिटीजवळच्या ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेल्या तिजोरीत त्या साठवल्या. या कामात त्यांनी हरिद्वार, कुरुक्षेत्र, पेहोवा इथल्या पंड्यांच्या वह्यांचेही सूक्ष्मपट घेतले. फॅमिलीसर्च हे त्यांचं संकेतस्थळ १९९९ पासून कोणालाही फुकट वापरता येतं. अनेक ठिकाणी त्यांनी मूळ संग्रहालाही प्रत दिली आहे. एवढं मोठं काम कुठल्याही सरकारने केलेलं नाही, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण या कामाच्या मुळाशी एक विधी आहे : मृत पूर्वजांच्या वतीने जिवंत वंशजाने घ्यायचा बाप्तिस्मा. नाझी छळछावण्यांत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या नावाने असे विधी झाल्याचं उघड झालं, तेव्हा मोठा संताप उसळला आणि १९९५ मध्ये चर्चला ते थांबवण्याचा करार करावा लागला. २००८ मध्ये व्हॅटिकनने आपल्या बिशपांना कळवलं, की कॅथलिक चर्चच्या नोंदवह्या या कामासाठी देऊ नयेत. २०१२ मध्ये महात्मा गांधींच्या नावानेही असा विधी झाल्याच्या बातम्या आल्या. मॉर्मन चर्चची बाजू अशी, की विधी ही फक्त देऊ केलेली संधी आहे, मृतात्मा ती नाकारू शकतो, आणि सभासदांनी केवळ स्वतःच्याच पूर्वजांची नावं द्यावीत असा नियम आहे. ही बाजू प्रामाणिक आहे. तरी ज्याला विचारता येत नाही, त्याच्या नावाने काही करणं हे शेवटी त्याच्यावर हक्क सांगणंच ठरतं.

या उदाहरणाने आपल्या दोन जिल्ह्यांतला प्रश्न स्वच्छ होतो. नोंदी गोळा करणं चांगलं, त्या सर्वांना खुल्या करणं उत्तम. कुरबूर सुरू होते ती मेलेल्यांना पंथाच्या पटावर चढवताना. सॉल्ट लेक सिटीत ते विधीने होतं, आपल्याकडे भाषणाने होतं. पण तिथे निदान कागद तरी उरतो. आपल्याकडे सभा संपली, मंडप उतरला, की घराच्या हाती काही राहत नाही.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की हेळवी आणि ढाडी जे सांगतात तो पुरावाच नव्हे. यजमानाला खूश करायला ते मूळ पुरुष थेट सूर्यवंशाला नेऊन भिडवतात. वरच्या टोकाला हे खरं आहे. पण खालच्या सहा-सात पिढ्यांत चोपडीत खोटं लिहिणं अवघड असतं, कारण भावकीतले दहा जण समोर बसून ऐकतात आणि जमिनीच्या वाटण्या त्याच नावांवर होतात. वरचा भाग श्रद्धा म्हणून ठेवावा आणि खालचा सातबाराशी, शाळेच्या प्रवेश-निर्गम वहीशी, बाप्तिस्म्याच्या वहीशी ताडून पाहावा. इतिहासकार हेच करतात. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे : वंशावळींचा उत्साह म्हणजे जातीचा उत्साह, आणि ज्यांच्या पूर्वजांची नोंद झालीच नाही त्यांना हा खेळ पुन्हा बाहेर उभं करतो. मराठीतली कुलवृत्तान्तांची परंपरा मुख्यतः कोणत्या घराण्यांची आहे, हे पाहिलं की या आक्षेपाचं वजन कळतं. माझं उत्तर इतकंच, की न शोधल्याने ती विषमता मिटत नाही, उलट कायमची होते. दलित, भटक्या, मुसलमान घरांच्या नोंदी वेगळ्या ठिकाणी आहेत : मिशनच्या वह्यांत, जन्म-मृत्यूच्या कोतवाल बुकांत, दर्ग्यांच्या इनामी कागदांत, तांड्यावरच्या गाण्यांत. तिथे जाणं हेच या कामाचं खरं कसोटीचं टोक आहे.

तिसरा आक्षेप श्रद्धावंतांचा आहे : आम्ही आमचा धर्म सांगायचाच नाही का? अवश्य सांगावा. राज्यघटनेचं २५ वं कलम प्रचाराचा हक्क देतं, आणि पूर्वजांची आठवण करून देणं हा काही गुन्हा नाही. पण कुटुंबाला वंशावळ शोधायला मदत करणाऱ्या संस्थेने शोधाचं फळ आधी ठरवून ठेवू नये. मुखेडच्या एखाद्या घराच्या शोधात लखीशाह सापडला नाही आणि एखादा फकीर सापडला, तरी ती वंशावळ तितक्याच आदराने त्या घराच्या स्वाधीन करता आली पाहिजे. ज्या प्रचारकाची श्रद्धा यासाठी पुरेशी पक्की नाही, त्याने हे साधन हाती घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या दोन-तीन वर्षांत या सगळ्या प्रश्नाला शासनानेच नवं वळण दिलं आहे. मराठवाड्यातल्या मराठा कुटुंबांच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. तहसिलांतल्या मोडी आणि उर्दू दप्तरांची पानं उलटली गेली. बीडसारख्या जिल्ह्यांच्या मानाने लातूर आणि नांदेडात फारच कमी नोंदी मिळाल्या. मग २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने कुणबी दाखल्यांसाठी निजामकाळच्या हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला, आणि लगेच बंजारा समाजानेही त्याच गॅझेटियरच्या आधारे अनुसूचित जमातीची मागणी रस्त्यावर आणली. हेळव्याच्या चोपडीला कधी नव्हे इतकी किंमत आली. वंशावळ आता दाखल्याशी जोडली गेली आहे, आणि दाखल्याशी जोडलेल्या कागदात हवी ती नावं घुसवण्याचा मोह वाढतो. अशा वेळी धर्मसंस्था या क्षेत्रात उतरल्या, तर त्यांच्यावर शंका घेतली जाईल; आणि उतरल्याच नाहीत, तर त्यांच्याकडची कागदपत्रं तशीच पडून राहतील.

ती कागदपत्रं थोडी नाहीत. गुरुद्वाऱ्यांची दप्तरं, लिंगायत मठांच्या शिष्य-घराण्यांच्या याद्या, दर्ग्यांच्या सनदा, चर्चच्या वह्या, माहूरच्या पुजाऱ्यांची यजमान-पुस्तकं. यांतल्या प्रत्येकात दुसऱ्या धर्माच्या घरांचे धागे आहेत. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, आणि कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना बऱ्याच वर्षांनी काम मिळालं आहे. त्या वाचकांना समितीचं काम संपल्यावर घरी पाठवण्यापेक्षा मठ, गुरुद्वारे, दर्गे आणि चर्च यांच्या दप्तरांवर बसवावं, ढाडी आणि हेळव्यांना मानधन देऊन त्यांची म्हणणी ध्वनिमुद्रित करावी. मूळ वही जिथली तिथेच राहावी, एक प्रत विद्यापीठात जावी आणि त्या घरापुरता उतारा घराच्या हाती द्यावा. उताऱ्यावर कुठल्या संस्थेचं बोधचिन्ह नसावं. ढाडी आणि हेळव्यांची पुढची पिढी पुण्या-मुंबईच्या कामांना लागली आहे, त्यामुळे या कामाला सवड फार नाही.